अप्पांचं पोस्टमॉर्टेम झालं असतं तर?

(पत्राचा सारांश. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या, टॉवेल शिलाईचं काम करणाऱ्या चाळिशीतल्या एक वाचक लिहितात: एप्रिल २०२१ मध्ये वडिलांना, म्हणजे अप्पांना, ताप आला. अप्पा यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग जुळवून-दुरुस्त करून देणारे कारागीर होते. शनिवारी शेजाऱ्यांचा ऑक्सिमीटर लावला तर ८९-९० दाखवत होता. पण अप्पा हिंडत होते, भाकरी खात होते. "मला काय बी झालेलं नाही, मशीनच खराब हाय," म्हणत होते. बेडही कुठे मिळत नव्हता. सोमवारी एका खासगी रुग्णालयात जागा मिळाली. फुप्फुसांना किती इजा झाली ते सांगणारा सीटी स्कोअर २५ पैकी १७ होता. आठव्या दिवशी ऑक्सिजन कमी करत आणला होता. संध्याकाळी त्यांनी चहात बिस्कीट बुडवून खाल्लं, व्हिडिओ कॉलवर मागाची चौकशी केली, आणि पहाटे फोन आला, गेले म्हणून. चेहरासुद्धा दाखवला नाही. पिशवीत बांधलेला देह परस्पर स्मशानात गेला. पोस्टमॉर्टेम झालं नाही. पुण्याचा थोरला भाऊ तेव्हापासून म्हणतो, "तू दोन दिवस घरात ठेवलंस म्हणून गेले." सहाव्या दिवशी त्याला पाच मिनिटं आत सोडलं होतं, तेव्हा त्यानं अप्पांच्या पोटावरच्या काळ्यानिळ्या डागांचा फोटो काढला. गल्लीत तेव्हा किडन्या काढून घेतात अशी बोलवा होती. आता परदेशात कोविडच्या मृतदेहांची शवविच्छेदनं झाली, हे वाचून तो म्हणतो, "आपलंही झालं असतं तर सगळं बाहेर आलं असतं." फाइल घेऊन वकिलाकडे जायचं त्याच्या डोक्यात आहे. आईची इच्छा एवढीच, की श्राद्धाला दोघांनी एका घरात बसावं. बाईंचे प्रश्न तीन: पोस्टमॉर्टेम झालं असतं तर खरं कळलं असतं का? चूक माझी होती का? दादाला काय सांगू?

ताई,

दादांच्या मोबाईलमधल्या फोटोपासूनच सुरुवात करते. तुमच्या घरात सगळ्यात जास्त विष त्या फोटोनं कालवलंय. बेंबीच्या दोन्ही बाजूंना नाण्याएवढे काळेनिळे डाग, काही कडेनं पिवळे पडत चाललेले, असं तुम्ही लिहिलंय. मी पॅथॉलॉजीची डॉक्टर. उभी हयात फॉर्मेलिनच्या वासात काढून आता निवृत्त झाले आहे. न पाहिलेल्या फोटोवर छातीठोक बोलू नये, हे मला कळतं. तरी दवाखान्यात आठवडाभर पडून असलेल्या माणसाच्या पोटावर नेमक्या त्या जागी असे डाग दिसले, तर कुठलाही डॉक्टर आधी एकच गोष्ट विचारेल: रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन चालू होतं का? ते पोटाच्या कातडीखाली टोचतात, रोज एकदा किंवा दोनदा. टोचल्या जागी थोडं रक्त साकळतं. जुना डाग पिवळा पडतो, नवा निळा असतो. तुमच्या फाइलमध्ये औषधांचा तक्ता असेल, त्यात 'हेपारिन' किंवा 'एनॉक्सापॅरिन' हे नाव शोधा. माझा अंदाज आहे, सापडेल.

हे इंजेक्शन कोविडच्या वॉर्डात रोजचं कसं झालं, ते दादांना जरूर सांगा. ते ज्या शवविच्छेदनांबद्दल वाचतात, त्यांचा यात मोठा हात आहे.

२०२० च्या वसंतात जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरानं ठरवलं, की कोविडनं गेलेल्या प्रत्येकाचं शवविच्छेदन करायचं. बाकी बहुतेक जग तेव्हा मृतदेहाला हात लावायला घाबरत होतं. तिथल्या पहिल्या बारा जणांचा अहवाल मे महिन्यात प्रसिद्ध झाला. बारापैकी सात जणांच्या पायांच्या खोल शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होत्या, आणि त्या आहेत अशी जिवंतपणी कुणाला शंकासुद्धा आली नव्हती. चौघांच्या बाबतीत तर गुठळी वर सरकून फुप्फुसाच्या धमनीत अडकली, हेच मरणाचं थेट कारण होतं. त्याच महिन्यात दुसऱ्या एका गटानं कोविडनं गेलेल्या सात जणांची फुप्फुसं फ्लूनं गेलेल्या सात जणांच्या फुप्फुसांशेजारी ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. केसाहून बारीक रक्तवाहिन्यांमधल्या गुठळ्या कोविडच्या फुप्फुसांत नऊ पटींनी जास्त होत्या. आयसीयूतल्या डॉक्टरांना रक्ताच्या तपासण्यांवरून संशय येतच होता. त्या संशयाला डोळ्यांना दिसेल असा पुरावा शवविच्छेदनाच्या टेबलावर मिळाला. वर्षभरानं तुमच्या अप्पांना बेड मिळाला, तेव्हा दाखल झालेल्या कोविडच्या पेशंटला पोटात इंजेक्शन ही रोजची गोष्ट झाली होती.

आता किडन्यांचं. हे एकदा स्पष्ट सांगते, कारण पूर्व भागातच काय, पार विजापूर रोडपर्यंत मी ही कुजबुज ऐकली आहे, शिकल्यासवरलेल्यांच्या तोंडूनही. किडनी बसवायची तर रक्तगट आणि ऊती जुळाव्या लागतात, ती बर्फात ठेवून तासांच्या हिशेबानं पोहोचवावी लागते. मुख्य म्हणजे ती बहुतेक वेळा अशा माणसाची घेतात, ज्याचा मेंदू मेलेला आहे पण हृदय चालू आहे. अंगभर विषाणू असलेल्या, कित्येक दिवस प्राणवायू कमी पडलेल्या, पहाटे वॉर्डात गेलेल्या माणसाची किडनी कुणाच्याही उपयोगाची नसते. पिशवी संसर्गाच्या भीतीनं बांधत होते. ती इतकी घट्ट, इतकी घाईनं आणि घरच्यांना चेहरासुद्धा न दाखवता बांधली, ही त्या काळातली निर्दयता होती, असं माझं मत आहे. ती थोडी टाळता आली असती. माणसं जे बघू शकत नाहीत, त्याच्या जागी मन काहीतरी रचतं. तुमच्या गल्लीनं किडन्या रचल्या.

पहिल्या प्रश्नाकडे वळते. समजा पोस्टमॉर्टेम झालं असतं, तर काय दिसलं असतं?

सगळ्यात आधी फुप्फुसं. तुमच्या हाताखालून रोज टॉवेल जातात, म्हणून तुम्हाला हे लगेच कळेल. कोरडा टर्किश टॉवेल हातात घ्या आणि बादलीतून न पिळता काढलेला घ्या. पुरुषाची दोन्ही फुप्फुसं मिळून साधारण ८४० ग्रॅम भरतात. हॅम्बुर्गच्या त्या बारा जणांत सरासरी भरली जवळपास दोन किलो. हवेनं भरायच्या पिशव्यांत पाणी, प्रथिनं, मेलेल्या पेशी साचलेल्या. निरोगी फुप्फुस बोटानं दाबलं तर स्पंजसारखं दबतं, हे दबत नाही. पातळ काप काढून, रंगवून स्लाइड पाहिली, की हवेच्या पिशव्यांच्या आतल्या बाजूला एक गुलाबी पापुद्रा दिसतो. सुताला खळ चढवली की ते कसं कडक होतं? तसा प्रथिनांचा थर आतून चढलेला असतो. बाहेरून कितीही ऑक्सिजन द्या, तो या थरातून रक्तात उतरायला हवा ना! नळीतून ऑक्सिजन चालू असूनही माणूस का जातो, याचं उत्तर मी विद्यार्थ्यांना त्या पापुद्र्यावर बोट ठेवून देत असे.

बाकीच्या अवयवांवर मी तुमचा फार वेळ घेणार नाही. किडन्यांमध्ये गाळणीच्या पुढच्या बारीक नळ्यांना इजा झालेली दिसते, बरीचशी रक्तदाब आणि प्राणवायू कमी पडल्यानं. यकृतात चरबी आणि तुंबलेलं रक्त. प्लीहेत रोगाशी लढणाऱ्या पेशी विरळ झालेल्या. हृदयाची गोष्ट थोडी वेगळी. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं होतं, की विषाणू हृदयाचा स्नायूच जाळतो. शवविच्छेदनांत खरा हृदयदाह त्या मानानं क्वचित सापडला. उजव्या बाजूवर मात्र ताण असायचा, कारण तुंबलेल्या फुप्फुसांत रक्त ढकलण्याचं काम तिचं. अमेरिकेतल्या संशोधकांनी ४४ शवविच्छेदनांचा अभ्यास २०२२ च्या डिसेंबरमध्ये छापला. त्यात विषाणूचे अंश शरीरात दूरवर, मेंदूतसुद्धा मिळाले, एका रुग्णात तर लक्षणं सुरू झाल्यापासून २३० दिवसांनी. पण फुप्फुसं आणि श्वासमार्ग सोडले तर बाकी ठिकाणी दाह, जाळपोळ फारशी नव्हती. विषाणू कुठे पोहोचला आणि त्यानं कुठे मारलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून कळलं. मोबाईलवर अर्धवट वाचणाऱ्याला "मेंदूत विषाणू सापडला" एवढंच आठवतं. (आमच्या घरातले भाऊसुद्धा त्यातलेच.)

म्हणजे अप्पांचं शवविच्छेदन झालं असतं, तर फुप्फुसांचं वजन, पापुद्रा, गुठळ्या आहेत की नाहीत, वरून जिवाणूंचा किंवा बुरशीचा न्यूमोनिया झाला होता का, हृदयाच्या धमन्या आधीच चोंदल्या होत्या का, एवढं बहुतेक कळलं असतं. ते थोडं नाही. दादांचं म्हणणं इथपर्यंत बरोबर आहे, आणि तुम्ही ते तोंडानं मान्य करावं असं मला वाटतं.

पण तुम्हा दोघांनाही ज्याचं उत्तर हवंय, ते वेगळंच आहे. चूक कुणाची? हे स्लाइडवर दिसत नाही. तुम्ही म्हणाल, नुकसान किती जुनं ते तर कळतं ना? कळतं, ढोबळ. पहिल्या आठवड्याभरात पापुद्रे दिसतात, पुढे फुप्फुस ती जागा धाग्यांनी भरायला लागतं, व्रण भरावा तशी. कितीतरी फुप्फुसांत दोन्ही अवस्था शेजारी शेजारी असतात, एका कोपऱ्यात जुनी इजा, दुसऱ्यात कालची. शनिवारी सुरू झालं की गुरुवारी, हे त्यात लिहिलेलं नसतं. ऑक्सिमीटरवर ८९ दिसला तेव्हा आतलं काम आधीच बरंच पुढे गेलेलं होतं, एवढं मात्र मी म्हणू शकते.

म्हणून त्या दोन दिवसांबद्दल. तुम्हाला बरं वाटावं म्हणून "काही फरक पडला नसता" असं मी लिहून देणार नाही. ८९-९० ला दवाखान्यात जायला हवं होतं. ज्यांना ऑक्सिजन लागतोय, त्यांना डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड वेळेवर दिलं तर जीव वाचतात, हे जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत सिद्ध झालं होतं. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांमध्ये मृत्यू सुमारे एक पंचमांशानं कमी झाले, व्हेंटिलेटरवर असलेल्यांमध्ये एक तृतीयांशानं. मोठं यश, पण याचा अर्थ असाही होतो, की सगळं वेळेवर मिळूनही पुष्कळ जण गेलेच. दोन दिवस आधी दवाखान्यात नेलं असतं तर अप्पांची बाजू थोडी वरचढ झाली असती कदाचित. वाचले असते, असं कुणी शपथेवर सांगू शकत नाही. दादाही नाही.

आणि शनिवारी तुमच्यासमोर जे होतं, ते जरा परत आठवा. ८९ दाखवणारं उसनं मशीन आणि समोर भाकरी खाणारा माणूस. कोविडमध्ये सुरुवातीला फुप्फुस लवचीकच राहतं, रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो, आणि धाप लागायची ती मुख्यतः तो साचला की. प्राणवायू उतरत असतो, माणसाला पत्ता नसतो. डॉक्टरांनासुद्धा पहिल्या लाटेत हे बघून चक्रावायला झालं होतं, मोबाईलवर गप्पा मारणारा पेशंट आणि मशीनवर ८०. तुम्ही डोळ्यांवर विश्वास ठेवलात. जन्मभर मागाचा आवाज ऐकून कुठला धागा तुटलाय ते सांगणारा माणूस म्हणत होता, मशीन खराब आहे. त्याच्यावरही तुम्ही विश्वास ठेवलात. शिवाय त्या आठवड्यात सोलापुरात बेडसाठी माणसं रिक्षात बसून फिरत होती. तुमच्या पत्रात "ठेवलं" असा शब्द पाच ठिकाणी आहे: दोन दिवस घरात ठेवलं. तो दादांचा शब्द आहे, तुम्ही उचललाय. तुमचीच दुसरी वाक्यं वाचा: रविवारी तीन ठिकाणी फोन केले, एका ठिकाणी जाऊन परत आलात. याला ठेवणं म्हणत नाहीत.

चहा-बिस्किटाच्या संध्याकाळीनं तुम्हाला सगळ्यात जास्त छळलंय. बरे होत होते, मग रात्रीत काय झालं? काहीतरी लपवलं असणार, हा दादांचा तर्क. मला विचाराल तर याच ठिकाणी पोस्टमॉर्टेमची उणीव खरी भासते. सुधारत असलेला पेशंट अचानक जातो, तेव्हा पोटरीतली गुठळी फुप्फुसात जाऊन बसली असण्याची शक्यता असते. इंजेक्शन चालू असूनही ती होऊ शकते, धोका कमी होतो, शून्य होत नाही. हृदयाचे ठोके बिघडून थांबलेले असू शकतात. रात्री ऑक्सिजनचा मास्क सरकला, कुणाच्या लक्षात आलं नाही, असंही होऊ शकतं. होय, तेही शक्य आहे, आणि शेवटचं असेल तर ते शरीर उघडून दिसलं नसतं. ते दिसलं तर कागदावर.

मग झालं का नाही पोस्टमॉर्टेम? तुम्हाला कुणी विचारलं नाही म्हणून तुम्ही चिडला आहात. आपल्याकडे पोस्टमॉर्टेम म्हटलं की पोलीस, पंचनामा आणि सिव्हिल. अपघात, विषबाधा, सर्पदंश, संशयास्पद मरण, अशाच ठिकाणी ते होतं. दवाखान्यात निदान झालेल्या आजारानं माणूस गेला तर कायद्यानं ते लागत नाही. दुसरा एक प्रकार आहे, आजार समजून घेण्यासाठी नातेवाइकांच्या संमतीनं करायचं शवविच्छेदन, पॅथॉलॉजी विभाग करतो ते. माझ्या उमेदीच्या काळात ती होत असत, पुढे बंदच पडल्यासारखी झाली, कोविडच्या आधीच. त्यात २०२० मध्ये आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, मार्गदर्शक सूचनांमध्ये कोविडच्या मृतदेहाची चिरफाड टाळावी असं सांगितलं होतं, कारण आत काम करणाऱ्यांना संसर्गाचा धोका. ऑगस्ट २०२० मध्ये भोपाळच्या एम्सनं परवानगी काढून शवविच्छेदन केलं, त्याची देशभर बातमी झाली. बातमी व्हावी इतकी ती दुर्मीळ गोष्ट होती! तेव्हा अप्पांच्या बाबतीत कुणी मुद्दाम टाळलं, असं धरायला मला जागा दिसत नाही. कमी शवविच्छेदनं झाली यात आपलं नुकसान झालं, हे मात्र मी निवृत्त असले तरी सांगत राहणार. इथल्या माणसांना इथला मधुमेह, इथला क्षयरोग. पूर्व भागात तर वर्षानुवर्षं मागाच्या तुसात आणि विडीच्या तंबाखूत श्वास घेतलेली फुप्फुसं. हॅम्बुर्गच्या टेबलावर ती नव्हती.

आई म्हणतात, "बरं झालं, चिरफाड झाली नाही." त्यांना काही समजावायला जाऊ नका. त्यांच्या नवऱ्याचा देह अखंड गेला, हे त्यांच्याजवळ उरलेलं एक समाधान आहे. (सुश्रुतांनी देह सात रात्री पाण्यात ठेवून, मग थर खरवडत शरीर शिकायला सांगितलं होतं, त्यामुळे हे आपल्या परंपरेत बसत नाही असं कुणी म्हटलं तर मला हसू येतं. पण ते पुस्तकी भांडण आईंशी करायचं नाही.)

आता दादा. तुम्ही त्यांना फिर्यादी समजता आणि स्वतःला आरोपी. पत्रावरून मला दिसलेलं जरा वेगळं आहे. ते पुण्यात होते, शनिवारी-रविवारी ते नव्हते, सहाव्या दिवशी आले, पाच मिनिटं आत गेले, आणि त्या पाच मिनिटांत त्यांनी बापाच्या पोटाचा फोटो काढला. चेहऱ्याचा नाही. मला वाटतं त्यांना काहीतरी पुरावा हवा होता, की आपण होतो तर काहीतरी पकडलं असतं. मी चुकत असेन. पण पुढच्या वेळी ते "दोन दिवस" म्हणतील, तेव्हा उत्तर द्यायच्या आधी एकदा विचारून बघा, "दादा, त्या शनिवारी तू कुठे होतास, तुला मी फोन केला तेव्हा तू काय म्हणालास?" भांडणाच्या सुरात नको. खरंच विचारा. तुम्हाला ते आठवत नसेल, त्यांना आठवत असणार.

वकिलाकडे जाण्याबद्दल: जाऊ नका असं मी म्हणणार नाही. तो त्यांचा हक्क आहे. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत साधारण दोन वर्षांची असते, कोविडकाळाची सूट धरूनही ती उलटून गेलेली दिसते. उशीर माफ करून घेता येतो, पण सबळ कारण लागतं. हे वकील सांगेलच. त्याच्या आधी एक पायरी आहे, जी तुमच्यापैकी कुणीच चढलेलं नाही. ती फाइल कुणीही वाचलेली नाही! चार वर्षं ती कपाटात साड्यांखाली आहे.

ती काढा. दोघांनी मिळून एखाद्या फिजिशियनकडे जा, त्या रुग्णालयाशी संबंध नसलेल्या, फी देऊन, निवांत वेळ मागून. "यांनी मारलं का" असं विचारलंत तर कुठलाही डॉक्टर तोंड मिटून बसेल. त्यापेक्षा असं विचारा: दाखल झाले तेव्हा किती गंभीर होते? दिलेले उपचार त्या वेळच्या पद्धतीला धरून होते का? शेवटच्या रात्री काय झालं असावं, आणि ते कशावरून म्हणता? त्यात डी-डायमर नावाची, रक्तात गुठळ्या होत असल्याचा अंदाज देणारी तपासणी असेल, तिचे आकडे दिवसागणिक चढले का, ते पाहायला सांगा. सीटीचा नुसता अहवाल नेऊ नका, फिल्मही न्या. काही कागद नसतील तर रुग्णालयाकडे लेखी अर्ज करा. नोंदी मागितल्यावर ७२ तासांत द्याव्यात, असा डॉक्टरांसाठीचा नियम आहे. पण त्या तीनच वर्षं जपायचं बंधन आहे, त्यामुळे आता न मिळाल्या तर त्यात लगेच कारस्थान शोधू नका.

महापालिकेच्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण नसतं, ते डॉक्टरांनी भरलेल्या वेगळ्या प्रमाणपत्रात असतं. तुमच्याकडच्या कागदावर 'कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट' असं आहे, आणि दादा म्हणतात कोविड होता तर हार्ट कसं लिहिलं. या शब्दांचा अर्थ हृदय आणि श्वास थांबला, एवढाच. तो तर प्रत्येकाचा थांबतो. त्याखालच्या ओळीत 'कशामुळे' लिहिलेलं असतं, ती वाचा. वरच्या ओळीत नुसतं 'अरेस्ट' लिहिणं ही आमच्या लोकांची वाईट सवय आहे. मी विद्यार्थ्यांवर यावरून ओरडत असे, फारसा उपयोग झाला नाही.

हे वाचणाऱ्या इतरांसाठीही थोडं. घरातलं माणूस दवाखान्यात गेलं आणि कशानं गेलं हे मनाला पटत नसेल, तर त्याच तासाला उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारा, "शवविच्छेदन करता येईल का?" वैद्यकीय महाविद्यालय असलेल्या गावात शक्यता जास्त. सगळं शरीर नको असेल तर फक्त फुप्फुसापुरतं, किंवा सुईनं तुकडे काढण्यापुरती संमती देता येते का, तेही विचारा. नंतर देह शिवून देतात, चेहऱ्याला सहसा धक्का लागत नाही, अंत्यविधी नेहमीसारखा होतो. स्लाइडचा अहवाल यायला आठवडे लागू शकतात. ज्यांनी देहदानाचा फॉर्म भरलाय त्यांनी लक्षात ठेवा, ही वेगळी गोष्ट आहे. पोस्टमॉर्टेम झालेला किंवा संसर्गजन्य आजारानं गेलेला देह शरीररचना विभाग साधारणतः घेत नाही. आणि घोटाळ्याचा खरा संशय असेल तर अंत्यसंस्कारांआधी पोलिसांत लेखी द्या. नंतर फक्त कागद उरतात.

ताई, पत्राखाली सही करून झाल्यावर तुम्ही कोपऱ्यात बारीक अक्षरात एक ओळ लिहिली आहे. "अप्पांना शेवटी त्रास झाला असेल का? मला हाक मारली असेल का?" तीन प्रश्न वर मोठ्या अक्षरात आणि हा खाली. मला वाटतं पत्र याच्यासाठी लिहिलंत.

गुठळीनं गेले असतील तर बहुधा थोड्या मिनिटांत. रक्तातला प्राणवायू फार उतरला, की माणूस गुंगीत जातो. त्यांना जराही त्रास झाला नाही, असं मी सांगू शकत नाही. हाक मारली का, हे तर कुठल्याच स्लाइडवर येत नाही. पण फाइलमध्ये डॉक्टरांच्या पानांमागे सिस्टरांची पानं असतात, घाईघाईनं लिहिलेली, निळ्या शाईची. तासातासाला नाडी, ऑक्सिजन, आणि मध्येच एखादी ओळ: पाणी मागितलं, कूस बदलून दिली, मुलीची आठवण काढत होते. त्या रात्री त्यांच्याजवळ जे कुणी होतं, त्याचं अक्षर ते. डॉक्टरांकडे जायच्या आधी ती पानं तुम्ही एकदा एकटीनं वाचा, आणि मग दादांच्या हातात द्या.